पावसाळ्याआधीची एक दुपार: प्रोसेसर आणि कूलरची सफाई, पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

गेल्या मे महिन्यात आमच्या मजल्यावरच्या काकूंनी दार वाजवलं. मुलाचा पीसी सुरू होतो, दहा मिनिटं चालतो आणि फटकन बंद पडतो. एका दुकानात दाखवला तर मदरबोर्ड गेला म्हणून सांगितलं. "बघतोस का रे एकदा? नाहीतर नवीनच घ्यायचा म्हणतोय तो."

कॅबिनेट उघडलं. प्रोसेसरला थंड ठेवणाऱ्या कूलरचा पंखा फिरत होता, वरून बघताना सगळं ठीकच वाटत होतं. क्लिपा सोडवून पंखा उचलला तेव्हा खरा प्रकार दिसला. पंखा आणि खालच्या धातूच्या पट्ट्या यांच्या मध्ये घोंगडीच्या तुकड्यासारखा करडा थर बसला होता. चिमटीत धरून उचलला तर अख्खाच्या अख्खा वर आला. खालच्या बाजूला पट्ट्यांचे वळ उमटलेले, आणि बोटांना चिकट लागत होता. पंखा जीव तोडून वारा घालत होता, पण तो वारा खाली पोचतच नव्हता. मदरबोर्डला काहीही झालं नव्हतं.

हे काम घरी करता येतं. एक फुलीचा स्क्रू ड्रायव्हर आणि निवांत दुपार हवी. पण आधी एक गोष्ट मनात पक्की करा: प्रोसेसर स्वतः फारसा घाण होत नाही. आपण साफ करतो ती उष्णतेची बाहेर जायची वाट. आणि नवखा माणूस नुकसान करतो ते पुसताना नाही, कूलर उपटताना. म्हणून या लेखात पुसण्यापेक्षा काढण्याबद्दल जास्त लिहिलं आहे.

आपल्याकडची धूळ वेगळी

यूट्यूबवर बाहेरच्या देशातले लोक हवेचा एक फवारा मारतात आणि पीसी लखलखीत होतो. आपल्याकडे तसं होत नाही, कारण मुंबईच्या घरातली धूळ कोरडी नसते. वन रूम किचनमध्ये गॅस आणि पीसी यांच्यात दहा-बारा फुटांचं अंतर. फोडणीचा तेलकट धूर, उदबत्ती-धूपाची काजळी, शेजारी चाललेल्या बांधकामाची सिमेंटची पूड, खिडकीतल्या कबुतरांची पिसं, हे सगळं पंखा दिवसभर आत ओढत असतो. तेलामुळे ते पट्ट्यांना चिकटतं आणि नुसत्या फुंकरीने हलत नाही.

त्यात खारी हवा. पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं ते सगळ्यांनी पाहिलंय. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून विरघळायला लागतं, आणि जुलैत मुंबईची हवा सहज त्याच्या पुढे असते. धुळीत मिसळलेल्या मिठाचंही तेच होतं. मे महिन्यात निरुपद्रवी वाटणारी धूळ जुलैत मदरबोर्डवर ओलसर, खारट लेप होऊन बसते आणि सोल्डरच्या बारीक टाक्यांना गंज लावते. म्हणून माझा आग्रह असा की मोठी सफाई मे महिन्यातच उरकावी, पाऊस पोचायच्या आत. दुसरी, हलकी सफाई दिवाळीच्या साफसफाईत. भर पावसाळ्यात, पीसी अगदी अडून बसल्याशिवाय, कूलर उघडू नये. तेव्हा काहीच धड वाळत नाही.

काय लागेल

थर्मल पेस्टची (प्रोसेसर आणि कूलर यांच्या मध्ये लावायचा लेप) छोटी नळी, आयसोप्रोपिल अल्कोहोल (दुकानात नुसतं आयपीए म्हणतात), रंगकामाचा एक इंची नवा, मऊ ब्रश, चष्मा पुसायचं कापड, टिश्यू पेपर. एवढं पुरे. ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेला उतरून लॅमिंग्टन रोडवर गेलात तर सगळं दोन-चार दुकानांत मिळतं. पाट्यांवर त्याचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, पण विचारताना लॅमिंग्टन रोडच विचारा. रविवारी तिथली बरीच दुकानं बंद असतात, तेव्हा शनिवारी जा.

आयपीए ९९ टक्क्यांचं मागा. औषधांच्या दुकानातल्या ७० टक्केवाल्यात उरलेलं बहुतेक पाणी असतं, ते उडायला वेळ लागतो. सॅनिटायझर वापरू नका, त्यात ग्लिसरीनसारखे पदार्थ असतात आणि ते मागे थर सोडतात. नेलपॉलिश रिमूव्हरचं ॲसिटोन प्लॅस्टिक खातं. पेट्रोल, रॉकेल, थिनर यांचं तर नावही नको. आणि आयपीए चटकन पेट घेतं, त्याची वाफही पेटते. आपल्या छोट्या घरांत हे विसरायला होतं, म्हणून आवर्जून सांगतो: बाटली उघडायच्या आधी गॅस बंद, देवापुढचं निरांजन शांत, खिडकी उघडी.

पेस्ट फार महागाची नको. लिक्विड मेटल नावाचा प्रकार कोणी गळ्यात मारू लागला तर पहिल्या वेळी सरळ नाही म्हणा. त्यात गॅलियम असतं. ते ॲल्युमिनियमच्या कूलरला खातं, आणि एक थेंब बोर्डवर सांडला तर शॉर्टसर्किट होतं.

आधी आकडा लिहून ठेवा

उघडण्याआधी प्रोसेसरचं तापमान बघा. एचडब्ल्यूइन्फो किंवा कोअर टेम्पसारखा फुकट प्रोग्रॅम चालतो. एकदा नुसता डेस्कटॉप उघडा असताना बघा, एकदा नेहमीचं जड काम दहा मिनिटं चालवून बघा, आणि दोन्ही आकडे कागदावर लिहा. हे केलं नाही तर सफाईचा उपयोग झाला की नाही ते कळणारच नाही.

आकडे वाचताना एक लक्षात असू द्या. बाहेरच्या देशातले लेख रिकाम्या बसलेल्या पीसीला ३० ते ३५ अंश म्हणतात, ते २०-२२ अंशांच्या खोलीतलं गणित. कूलर प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. मे महिन्यात आपली खोलीच ३२-३३ अंशांवर असते, तेव्हा ४२ ते ४५ दिसलं तर घाबरू नका. काळजी कधी करायची? जड कामाला आकडा ९० च्या पुढे जाऊन तिथेच राहत असेल तर. बहुतेक आधुनिक प्रोसेसर ९५ ते १०० अंशांच्या आसपास स्वतःचा वेग कमी करतात, आणि तरीही उष्णता आवरली नाही तर पीसी बंद होतो. काकूंच्या घरी तेच चाललं होतं.

पहिली फेरी: नुसती धूळ

पीसी शटडाऊन करा, मागचं एसएमपीएसचं, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याचं, बटण बंद करा, भिंतीतला प्लग काढा. यूपीएस असेल तर त्यातूनही वायर काढा. यूपीएस प्लगविनाही वीज देतो हे लोक विसरतात. मग कॅबिनेटचं सुरू करायचं बटण पाच-सात सेकंद दाबून धरा म्हणजे आत साठलेली वीज निघून जाते. एसएमपीएसचा डबा मात्र कधीही उघडायचा नाही. त्याच्या आतल्या कपॅसिटरांत तीनशे व्होल्टपेक्षा जास्त दाब साठून राहू शकतो, प्लग काढल्यानंतरही.

कॅबिनेट गॅलरीत किंवा दाराबाहेर न्या, बाजूचा पत्रा काढा. हात लावण्याआधी कॅबिनेटच्या रंग न दिलेल्या धातूला स्पर्श करा आणि मधूनमधून करत राहा, म्हणजे अंगातली स्थिर वीज उतरते. दमट हवेत ती कमी साठते हा मुंबईचा एक फायदा, पण एसीच्या खोलीत तो मिळत नाही. घरातला व्हॅक्यूम क्लीनर आत घालू नका. त्याच्या प्लॅस्टिकच्या तोंडाशी स्थिर वीज तयार होते.

ब्रशने वरून खाली झाडत या. ब्लोअर असेल तर चालवा, पण पंख्याची पाती बोटाने किंवा पेन्सिलीने अडवून धरा. वाऱ्याने पंखा भरधाव फिरला तर बेअरिंग बिघडतं, आणि मोटर उलटी वीज बोर्डकडे पाठवू शकते. तोंडाने फुंकू नका, थुंकी उडते. कूलरचा पंखा क्लिपांवर किंवा स्क्रूवर असेल आणि वेगळा निघत असेल तर तो काढून खालची घोंगडी उचला.

इथे थांबून एकदा पीसी जोडून बघा. तापमान दहा-पंधरा अंशांनी उतरलं असेल आणि कूलर बसवून दोन-तीन वर्षंच झाली असतील, तर पुढे जाऊच नका. जे नीट चाललंय ते उघडायचं कारण नाही.

दुसरी फेरी: कूलर काढणं

आकडा अजून चढा असेल तर पेस्ट वाळली आहे. प्रोसेसरचं वरचं झाकण आणि कूलरचा तळ दिसायला गुळगुळीत असतात, पण दोन्हीवर डोळ्यांना न दिसणारे खड्डे असतात आणि त्यांत हवा अडकते. हवा उष्णता जवळजवळ नेतच नाही. पेस्ट ती जागा भरते. काही वर्षांनी ती सहाणेवर वाळलेल्या गंधासारखी होते, आणि तशीच धरूनही ठेवते.

धोका त्या धरण्यातच आहे. माझ्या हातून एकदा झालंय. २०१९ साली मावसभावाचा रायझन (एएमडी कंपनीचा प्रोसेसर) असलेला पीसी उघडला होता. थंडगार पीसी, मी कूलरचे स्क्रू काढले आणि सरळ वर ओढला. कचकन आवाज आला आणि कूलरच्या तळाला चिकटून प्रोसेसर बाहेर, सॉकेटची, म्हणजे प्रोसेसर बसतो त्या जागेची, कडी बंद असतानाच. एएमडीच्या एएम-४ प्रकारात पिना प्रोसेसरच्या पोटाला असतात, १,३३१. त्यांतल्या कोपऱ्याजवळच्या चार-पाच वाकल्या होत्या. शिसं बदलायच्या रिकाम्या मेकॅनिकल पेन्सिलीचं धातूचं टोक एकेका पिनेवर चढवून, भिंग लावून, दोन तास बसून त्या सरळ केल्या. पीसी चालला. पण एक जरी पिन तुटली असती तर प्रोसेसर जवळजवळ गेलाच असता, आणि तो पोरगा समोर उभा राहून सगळं बघत होता. तेव्हापासून मी गरम न करता कूलरला हात लावत नाही.

म्हणून हा क्रम पाळा. पीसी दहा-पंधरा मिनिटं चालवा, एखादा जड खेळ किंवा व्हिडिओ लावून. पेस्ट नरम पडते. मग बंद करा, प्लग काढा, बटण दाबून वीज उतरवा आणि लगेच कामाला लागा, पुन्हा थंड व्हायच्या आत. कॅबिनेट आडवं झोपवा. पंख्याची वायर मदरबोर्डवर जिथे लावली आहे तिथला मोबाइलवर फोटो काढा आणि वायर सोडवा.

इंटेलच्या डब्यातून येणाऱ्या कूलरला बहुधा चार प्लॅस्टिकच्या पिना असतात. प्रत्येकीच्या डोक्यावर बाण असतो; त्या दिशेला पाव फेरा द्या आणि वर ओढा. एएमडीच्या डब्यातल्या कूलरला चार स्क्रू किंवा कडीवाली क्लिप असते. स्क्रू असतील तर एक पूर्ण काढून दुसऱ्याकडे जायचं नाही. समोरासमोरच्या कोपऱ्यांचे थोडेथोडे सैल करत फिरा, म्हणजे दाब एका बाजूला येत नाही.

सगळं सुटलं की कूलर वर ओढू नका. दोन्ही हातांनी धरा आणि बरणीचं घट्ट झाकण फिरवावं तसा अगदी हलका उजवीकडे, डावीकडे, पुन्हा उजवीकडे फिरवा. जोर मनगटाचा, खांद्याचा नाही. दोन-चार हेलकाव्यांत पकड सुटल्याचं हाताला कळतं, चिकट टेप सावकाश निघावी तसं. मगच उचला. सुटत नसेल तर कूलर आणि पंखा पुन्हा लावून, पीसी जोडून पुन्हा गरम करा. पंखा सोडवलेला असताना मात्र पीसी चालू करायचा नाही.

पुसणं आणि धुणं

प्रोसेसर सॉकेटमध्येच राहू द्या. इंटेलच्या आणि एएमडीच्या नव्या एएम-५ प्रकारात पिना मदरबोर्डच्या सॉकेटमध्ये असतात, केसाएवढ्या नाजूक, आणि नुसत्या बोटाच्या स्पर्शानेही वाकतात. पुसण्यासाठी प्रोसेसर बाहेर काढायची गरज नाही, वरचं झाकण आहे तिथेच पुसता येतं.

टिश्यूच्या घडीवर आयपीएचे दोन-तीन थेंब घ्या. बाटली प्रोसेसरवर उलटी करू नका. घडी पेस्टवर पाच सेकंद टेकवून ठेवा आणि बाहेरून आत पुसा. आतून बाहेर पुसलं तर गाळ कडेवरून सॉकेटमध्ये उतरतो. घडी बदला, पुन्हा पुसा. तीन-चार घड्यांनंतर कागद पांढराच राहतो आणि झाकणावरची कोरलेली अक्षरं स्पष्ट दिसतात. शेवटचा हात चष्म्याच्या कापडाचा, कारण टिश्यूचे तंतू मागे राहतात. चाकू, ब्लेड, तारेची घासणी यातलं काहीही नको. कूलरचा तळही असाच.

पट्ट्यांवर फोडणीचं तेल बसलं असेल तर ब्रश पुरत नाही. साध्या हवेच्या कूलरचा पंखा पूर्ण वेगळा करा आणि उरलेला धातूचा भाग कोमट पाण्यात भांड्यांच्या लिक्विडने, जुन्या टूथब्रशने खुशाल धुवा. पहिलं पाणी चहासारखं तांबूस निघतं. स्वच्छ पाण्याने खळखळून घ्या, झटका, छताच्या पंख्याखाली उभा ठेवा. मे महिन्यात संध्याकाळपर्यंत वाळतो. तरी मी रात्रभर ठेवतो, कारण पट्ट्यांच्या मुळाशी पाणी दडून बसतं. कूलर वाळत असताना प्रोसेसर उघडा असतो, तेव्हा कॅबिनेटचा पत्रा लावून ठेवा. पंखा पाण्यात घालायचा नाही. त्याची पाती किंचित आयपीए लावलेल्या कापडाने एकेक करून पुसायची.

पाण्यावर चालणारा तयार लिक्विड कूलर असेल तर त्याच्या रेडिएटरवरची धूळ ब्रशने काढा, नळ्या आणि पंप उघडू नका. लॅपटॉपही या लेखाच्या भरवशावर उघडू नका. तिथे आधी बॅटरीची वायर सोडवावी लागते, स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात, आणि बहुतेक लॅपटॉपांत प्रोसेसरला हे जाड झाकणच नसतं.

पुन्हा बसवणं

प्रोसेसरच्या मधोमध तुरीच्या एका दाण्याएवढी पेस्ट घाला. झाकण लांबट असेल, जसं इंटेलच्या एलजीए-१७०० मध्ये असतं, तर त्याच्या लांबीच्या दिशेने छोटी रेघ. जास्त घातली की जास्त थंड असं नसतं. पेस्ट धातूपेक्षा कितीतरी कमी उष्णता नेते, तिचं काम फक्त फटी भरायचं. बोटाने पसरवू नका, कूलरच्या दाबाने ती आपोआप पसरते.

कूलर सरळ खाली टेकवा, एकदाच. उचलून पुन्हा ठेवला तर मध्ये हवेचे बुडबुडे राहतात. तसं झालं तर पुसून नव्याने पेस्ट घाला. इंटेलच्या पिना आधी बाणाच्या उलट दिशेला फिरवून मूळ जागी आणा, मग समोरासमोरच्या दोन, नंतर उरलेल्या दोन, कट्ट आवाज येईपर्यंत दाबा. एक पिन अर्धवट बसणं ही सर्वात नेहमीची चूक. मागून बघता येत असेल तर चारही टोकं बोर्डबाहेर सारखी आलेली दिसली पाहिजेत. येत नसेल तर कूलर धरून हलकेच हलवा, तो हलता कामा नये. स्क्रू असतील तर पुन्हा फुलीच्या क्रमाने, थोडेथोडे.

पंख्याची वायर फोटो बघून सीपीयू फॅन लिहिलेल्या जागी लावा. ती राहिली तर बरेच बोर्ड सुरू होतानाच पंख्याची चूक दाखवून थांबतात. पीसी चालू करून आधी पंखा फिरतोय का ते डोळ्यांनी बघा, एखादी वायर पात्याला घासत नाही ना तेही बघा. मग बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधीच्या, बोर्डच्या सेटिंगच्या पडद्यात) जाऊन दोन-तीन मिनिटं तापमानावर नजर ठेवा. तिथेच आकडा भराभर ७०, ८० करत चढला तर लगेच बंद करा. कूलर टेकलेला नाही.

सगळं स्थिर असेल तर सफाईआधी केलं होतं तेच जड काम तेवढीच दहा मिनिटं चालवा आणि आकडा ताडून बघा. खोली तेव्हा जेवढी गरम होती तेवढीच असू द्या, नाहीतर तुलना फसते. तरीही फरक पडला नाही तर मग जाणत्या माणसाला दाखवा, आणि दाखवताना दोन्ही आकडे त्याच्या हातात द्या. आकडे घेऊन आलेल्या माणसाला मदरबोर्ड गेला असं सहज सांगता येत नाही.

मी ते आकडे कागदी टेपवर लिहून कॅबिनेटच्या पत्र्याच्या आतल्या बाजूला चिकटवतो. काकूंच्या पीसीतही एक टेप आहे: मे, आधी ९७, नंतर ७१, खोली ३२. त्याखाली दिवाळीतली ओळ त्यांच्या मुलाने स्वतः लिहिली आहे.